दगडफूल, गांडूळ, मृगाचा किडा : साध्या वनस्पती आणि अपृष्ठवंशीय प्राण्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नववी-दहावीची मुलं, त्यांचे पालक, पावसाळ्यात डोंगर चढणारे आणि बाजारात तिसऱ्या (शिंपले) निवडताना कुतूहल जागं झालेले लोक, या सगळ्यांनी विचारलेले हे प्रश्न आहेत. काही परीक्षेचे, काही अंगणातले.

गटांची लक्षणं पाठच होत नाहीत. काय करू?

पाठ करू नका. प्रत्येक गटाचं एखादं कळीचं लक्षण असतं. ते सापडलं की बाकीची यादी त्याच्या मागोमाग येते.

हरितांचं, म्हणजे भिंतीवर मखमलीसारख्या उगवणाऱ्या इवल्या वनस्पतींचं बघा. पुस्तकात ओळी असतात : उंची जेमतेम काही सेंटीमीटर, ओलसर जागी वाढतात, खरी मुळं नसतात, गालिच्यासारख्या दाट पसरतात, फलनासाठी पाणी लागतं. यातल्या पहिल्या चार ओळींचं कारण एकच : पाणी वर चढवणाऱ्या खऱ्या वाहिन्या त्यांच्यात नाहीत. पाणी पेशीतून पेशीत झिरपत जाणार, मग उंच वाढून तहानेनं मरायचं कशाला? वाहिन्याच नाहीत म्हटल्यावर खऱ्या मुळांचाही प्रश्न मिटला. जमिनीला धरून ठेवायला केसांसारखे मूलाभ पुरतात. आणि एकमेकींना चिकटून वाढलं की पाऊस थांबल्यावरही ओल धरून ठेवता येते. पाचव्या ओळीचं कारण वेगळं : त्यांच्या नरपेशींना शेपट्या असतात आणि त्या पोहतच मादीपेशीपर्यंत जातात.

अपवादही याच नियमात बसतो. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे डॉसोनिया नावाची हरिता अर्धा मीटर उंच होते. तिच्या खोडात पाणी वाहून नेणाऱ्या साध्या पेशींचा एक दोर असतो, म्हणून तिला ते जमतं.

शैवाल, शेवाळ आणि हरिता हे एकच ना?

बोलीत एकच, शास्त्रात नाही. विहिरीच्या पाण्यावरचा हिरवा तवंग शेवाळ, जुलैत घसरून पाडणारी अंगणातली फरशी शेवाळ, आणि कंपाउंडच्या भिंतीवरचा मखमली थरही शेवाळच. मराठीनं तिघांना एका शब्दात बसवलं आणि पुस्तकानं तिघांना वेगळं केलं, तिथून घोळ सुरू होतो.

पाण्यावरचं ते शैवाल, थॅलोफायटा गटातलं. भिंतीवरची मखमल ही हरिता, म्हणजे ब्रायोफायटा. फरशीवरचा बुळबुळीत थर बहुतेक वेळा शैवालांचा आणि निळ्या-हरित जिवाणूंचा मिळून झालेला असतो.

ओळखायचं कसं? चिमटीत धरून उचला. शैवालाचे धागे पाण्याबाहेर काढले की एकमेकांना चिकटून त्यांचा नुसता चिकट गोळा होतो, कारण खोड, पान असं काही नसतंच. हरितेचा तुकडा भिंगाखाली धरलात तर बारीकसं खोड आणि त्याभोवती इवली पानं स्पष्ट दिसतात. श्रावणात त्यावर केसाएवढ्या दांड्या उभ्या राहतात आणि टोकाला लहानशी कुपी असते. लोक तिला फूल समजतात. ती बीजाणूंची कुपी आहे.

शैवालांनाही वाहिन्या नाहीत. मग समुद्रातली शैवालं इतकी लांब कशी होतात?

फार चांगला प्रश्न. हरितेला अडचण हवेची आहे. शैवालाच्या जवळपास प्रत्येक पेशीला पाणी थेट भिडलेलं असतं, मग नळाची गरजच काय? म्हणून एकाच गटात एका पेशीचा क्लॅमिडोमोनास बसतो आणि थंड समुद्रातली कित्येक मीटर लांबीची केल्पही बसते. आधाराचं कामही पाणीच करतं. कोकण किनाऱ्यावर वाहून आलेलं तपकिरी सरगॅसम हातात घेतलंत तर त्याला मण्यांसारखे हवेचे फुगे दिसतील. त्यांच्या जोरावर ते उजेडाकडे तरंगतं. किनाऱ्यावर टाकलं की गळपटलेल्या दोरीसारखं पडून राहतं.

गोड्या पाण्यातला स्पायरोगायरा शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली न चुकता बघा. त्याच्या पेशीतलं हरितलवक फितीसारखं असून जिन्यासारखं गोल फिरत गेलेलं असतं. एकदा पाहिलं की विसरत नाही.

लोणारचं पाणी गुलाबी झालं ते शैवालामुळेच ना?

२०२० च्या जून महिन्यात लोणार सरोवर गुलाबी दिसू लागलं तेव्हा बहुतेकांनी शैवालाकडे बोट दाखवलं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत मात्र कारण निघालं हॅलोआर्किया, म्हणजे खूप खारट पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव. पाणी आटून खारटपणा वाढला की त्यांचं फावतं. ते शैवाल नाहीत, वनस्पतीही नाहीत. त्यांच्या पेशीत केंद्रकच नसतं.

हेच निळ्या-हरित शैवालांचं. नावात शैवाल असलं आणि ती प्रकाशसंश्लेषण करत असली तरी पेशीत केंद्रक नाही, म्हणून त्यांची गणना जिवाणूंत होते. बाजारात गोळ्यांच्या रूपात मिळणारी स्पिरुलिना याच घरातली.

गोडा मसाल्यातलं दगडफूल कोणती वनस्पती?

कोणतीच नाही, आणि फूल तर नाहीच. दगडफूल हा शैवाक आहे : एक बुरशी आणि एक शैवाल यांनी मिळून थाटलेला संसार. बुरशी घर बांधते, ओल आणि क्षार धरून ठेवते. शैवाल उन्हात स्वयंपाक करतं. दगडफुलाच्या तुकड्याची वरची बाजू करडी-पांढरी आणि खालची काळपट असते. या दोन पृष्ठांच्या आत, अगदी पातळ थरात, ते हिरवं शैवाल दडलेलं असतं. कढईत तेलावर परतेपर्यंत त्याला वास का येत नाही, हे मात्र स्वयंपाकघरातल्या माणसाला विचारा.

मग बुरशी आणि अळंबी कुठे बसवायची?

वेगळ्या सृष्टीत. रॉबर्ट व्हिटाकर यांनी १९६९ साली पंचसृष्टी पद्धत मांडली आणि कवकांना, म्हणजे बुरशी-अळंबीच्या गटाला, वनस्पतींच्या ओसरीवरून उठवून स्वतंत्र घर दिलं. कारणं सरळ आहेत : हरितद्रव्य नाही, अन्न स्वतः बनवत नाहीत, आणि पेशीभित्तिकेत सेल्युलोजऐवजी मुख्यतः कायटिन असतं. कायटिन म्हणजे तेच, ज्याचं झुरळाचं कवच बनतं.

नेच्याच्या पानामागे तपकिरी ठिपके आलेत. कीड आहे का? फवारू का?

थांबा, फवारू नका! हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो आणि दर पावसाळ्यात कुणाचा तरी धडधाकट नेचा औषधाखाली न्हाऊन निघतो. ते बीजाणुधानींचे, म्हणजे बीजाणूंच्या पिशव्यांचे पुंजके आहेत. ठिपके पानाच्या शिरांच्या किंवा कडेच्या हिशोबानं ओळीत, सारख्या अंतरावर बसलेले असतील तर ती बीजाणूंची शेती. अस्ताव्यस्त असतील, दांड्यावरही असतील आणि नखानं खरवडल्यावर चिकट लागत असतील तर मात्र खवले कीड असू शकते.

नेच्यांचं कळीचं लक्षण हेच की वाहिन्या आल्या, बिया आल्या नाहीत. वाहिन्यांमुळे खरी मुळं, खोड, पानं मिळाली आणि उंची मिळाली. वृक्षनेचे तर झाडाएवढे होतात. बिया नसल्यामुळे मात्र पुढच्या पिढीसाठी पाण्याची ओढ सुटली नाही. बीजाणू ओल्या मातीत पडला की त्यातून थेट नेचा उगवत नाही. आधी उगवतं नखापेक्षा लहान, बदामाच्या आकाराचं हिरवं पातं. नरपेशी आणि मादीपेशी त्यावर तयार होतात, पाण्याच्या थेंबातून एकत्र येतात आणि मग त्या पात्याच्या अंगावर खरा नेचा फुटतो.

याला पिढ्यांचं एकांतरण म्हणतात, आणि बहुतेक मुलं इथेच अडखळतात. एकच धरून ठेवा : डोळ्यांना दिसणारी पिढी कोणती? हरितेत दिसणारा हिरवा गालिचा ही युग्मकं, म्हणजे नरपेशी आणि मादीपेशी, तयार करणारी पिढी, आणि दांडी-कुपी ही तिच्या जिवावर जगणारी बीजाणूंची पिढी. नेच्यात पारडं उलटं फिरलं. दिसणारा नेचा बीजाणूंच्या पिढीचा, आणि युग्मकांची पिढी त्या इवल्या पात्यापुरती उरली.

डोंगराच्या वाटेवर 'संजीवनी' विकतात. पाण्यात टाकली की उघडते. खरी का?

उघडते, ते खरं. बहुतेकदा ती सिलॅजिनेला असते, नेच्यांच्याच टेरिडोफायटा गटातली. कोरड पडली की तिच्या फांद्या आत वळून मूठ होते आणि पाणी मिळालं की मूठ उघडते. हे उघडणं काही अंशी नुसतं भिजून फुगण्यासारखं असतं, म्हणून पूर्ण मेलेली मूठही पाण्यात उलगडू शकते. हिरवी झाली तरच ती जिवंत समजायची. लक्ष्मणाशी तिचा संबंध विक्रेत्यानं जोडलेला आहे.

अझोला शैवाल आहे की नेचा?

नेचा. गोठ्यामागच्या खड्ड्यात जनावरांसाठी वाढवतात तो पाण्यावर तरंगणारा चिमुकला नेचा. त्याच्या पानांच्या पोकळीत अनाबीना हा निळा-हरित जिवाणू राहतो आणि हवेतला नायट्रोजन बांधून देतो. भातखाचरात अझोला सोडतात तो या भाडेकरूसाठी.

अपृष्ठवंशीय म्हणजे नेमका कोणता गट?

गटच नाही. 'बिगर-पुणेकर' म्हणावं, तसं हे नाव आहे : नागपूरपासून नॉर्वेपर्यंत सगळे एका शब्दात उरकले. पाठीचा कणा नाही, एवढंच त्यांच्यात सामाईक. प्राण्यांच्या ज्ञात जातींपैकी ९५ टक्क्यांहून जास्त जाती या एका नकारात बसतात.

म्हणून त्यांना संघांत वाटावं लागतं, आणि वाटताना तीनच गोष्टी विचारायच्या. शरीर किती स्तरांचं? सममिती कोणती? आतड्याच्या आणि अंगाच्या भिंतीच्या मध्ये पोकळी आहे का?

ती देहगुहा म्हणजे काय, हे सोप्या शब्दांत सांगा ना.

पुरणपोळी आणि करंजी डोळ्यांसमोर आणा. पुरणपोळीत पारी आणि पुरण एकजीव असतात, मध्ये फट नसते. चपट्या कृमी अशा, देहगुहाहीन. करंजी हलवली तर आतलं सारण खुळखुळतं, कारण मध्ये पोकळी असते. ती पोकळी म्हणजे देहगुहा. पोकळीला दोन्ही बाजूंनी मध्यस्तराचं (शरीराच्या मधल्या स्तराचं) अस्तर असेल तर ती सत्य देहगुहा, जशी गांडुळात. अस्तर एकाच बाजूला, बाहेरच्या भिंतीकडे असेल तर ती आभासी, जशी गोलकृमीत.

फायदा काय? आतडं स्वतंत्र हलू शकतं. आपण चालत असतानाही जेवण पचतं ते त्यामुळे. शिवाय पोकळीतल्या द्रवावर स्नायूंनी दाब दिला की हाडांविनाही अंगाला ताठपणा येतो. गांडूळ भिजलेल्या मातीत घुसतं ते याच जोरावर.

स्पंज हलत नाही, तोंड नाही, पोट नाही. प्राणी कसा?

अन्न स्वतः बनवत नाही, बाहेरून घेतो, म्हणून प्राणी. रंध्रीय संघाची किल्ली अशी की पेशी आहेत, पण त्यांच्या खऱ्या ऊती नाहीत. ऊती नाहीत म्हणजे अवयव नाहीत, चेता नाहीत, तोंड नाही. उरली फक्त गाळणी. अंगभर छिद्रं, त्यांतून पाणी आत येतं, आतल्या कॉलरपेशी शेपटीनं प्रवाह चालवतात, अन्नकण पकडतात आणि पाणी वरच्या मोठ्या छिद्रातून बाहेर जातं.

पेशींचं एकमेकींवर किती कमी अडलेलं असतं, ते एच. व्ही. विल्सन यांनी १९०७ मध्ये दाखवलं. त्यांनी जिवंत स्पंज बारीक कापडातून पिळून पेशी सुट्या केल्या. पाण्यात त्या सरपटत पुन्हा एकत्र आल्या आणि त्यांतून नवा स्पंज उभा राहिला.

पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर निळे फुगे येतात, ते जेलीफिश का?

जुहू-गिरगावला जुलै-ऑगस्टमध्ये लागणारे ते निळे, पारदर्शक फुगे म्हणजे फिजेलिया, बोलीत ब्लू बॉटल. जेलीफिशच्याच निडारिया संघातले, पण जेलीफिश नव्हेत. जेलीफिश हा एक प्राणी. फिजेलिया ही वसाहत आहे : फुग्याचं काम एकाचं, शिकारीचं दुसऱ्यांचं, पचनाचं तिसऱ्यांचं. सगळे एकमेकांना जोडलेले, सुटे करून जगू न शकणारे.

या संघाची किल्ली दंशपेशी. जुन्या पुस्तकांत संघाचं नाव सिलेंटराटा असतं, ते पोकळ पोटावरून. निडारिया हे नाव या डंखांवरून. प्रत्येक दंशपेशीत गुंडाळलेला सूक्ष्म बाण असतो आणि स्पर्श होताच तो सुटतो. प्राणी मेला, शुंडक (दोऱ्यासारखा लोंबणारा अवयव) तुटून वाळूत पडलं, तरी बाण भरलेलेच असतात. म्हणून 'मेलेलं आहे, उचलू दे' हा हिशोब चुकतो. डंख बसलाच तर चोळू नका, वाळूनं घासू तर मुळीच नका. चिकटलेली शुंडकं चिमट्यानं काढा, समुद्राच्या पाण्यानं धुवा आणि दवाखाना गाठा.

पोवळं दगड, झाड की प्राणी?

प्राण्यांनी बांधलेला दगड. बांधणारे इवले पॉलिप निडारिया संघातले, आणि त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवालं राहतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्यात उतरलात तर जिवंत प्रवाळ दिसतात. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं आहे.

चपट्या कृमी चपट्याच का?

त्यांच्यात रक्ताभिसरण नाही आणि श्वसनाचा अवयवही नाही. प्राणवायू कातडीतून आत झिरपणार आणि झिरपतच शेवटच्या पेशीपर्यंत जाणार. झिरपणं फक्त थोड्या अंतरापुरतं चालतं, म्हणून शरीर जाड होऊन चालत नाही. आकार हेच त्यांचं फुप्फुस. पट्टकृमीला तर अन्ननलिकाही नाही. दुसऱ्याच्या आतड्यात तयार जेवणात बसल्यावर ती हवी कशाला!

सगळे परजीवी मात्र नसतात. पावसाळी रात्री कुंडीखाली पंख्याच्या आकाराचं डोकं असलेली, लांब चिकट पट्टी सरकताना दिसली तर ती बायपॅलियम, गांडुळं खाणारी जमिनीवरची चपटी कृमी. जळू समजून तिच्यावर मीठ टाकतात बिचारीवर.

शाळेत जंतांची गोळी का देतात? आणि आजी सांगते तो 'नारू' कोणता?

गोळी असते ॲल्बेंडॅझोलची, मुख्यतः गोलकृमींसाठी : पोटातले जंत, अंकुशकृमी वगैरे. गोलकृमींचं शरीर लांब, दंडगोल, खंड नसलेलं, दोन्ही टोकांना निमुळतं आणि बाहेरून चिवट आवरणाचं. जठरातल्या पाचकरसांना ते दाद देत नाही, म्हणून आतड्यात निवांत राहता येतं. डाळिंबाच्या, टोमॅटोच्या मुळांवर गाठी आणणारी सूत्रकृमीही याच संघातली. बागायतदारांना पुस्तक उघडायची गरज नाही.

नारू हाही गोलकृमी, आणि त्याची गोष्ट आपल्याकडे संपली असली तरी सांगण्यासारखी आहे. माणसाच्या पायाला फोड यायचा आणि त्यातून हळूहळू पांढरा दोरा बाहेर पडायचा. ती जवळपास मीटरभर लांबीची मादी असायची. तुटू न देता काडीवर रोज थोडी थोडी गुंडाळत बाहेर काढायची. आग शमवायला माणूस पाय बारवेत बुडवायचा, आणि त्याच क्षणी मादी अळ्या पाण्यात सोडायची. त्या अळ्या गिळायचा सायक्लॉप्स, पाण्यातला टाचणीच्या टोकाएवढा संधिपाद. तेच पाणी दुसऱ्यानं न गाळता प्यायलं की वर्षभरात त्याच्या पायाला फोड. म्हणजे पायऱ्यांनी थेट पाण्यात उतरता येणं, हेच नारूचं बळ होतं. पायऱ्यांच्या विहिरी बंद झाल्या किंवा बदलल्या, पाणी कापडातून गाळलं जाऊ लागलं, हातपंप आले आणि साखळी तुटली. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला. २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. ना लस होती, ना रामबाण औषध. कृमीचं जीवनचक्र नीट माहीत असणं एवढंच हत्यार होतं.

गांडुळाचे दोन तुकडे केले तर दोन गांडुळं होतात?

नाही. फार तर डोक्याकडचा तुकडा शेपूट पुन्हा वाढवू शकतो, तोही कुठे कापलं यावर. शेपटीकडचा भाग वळवळतो आणि मरतो. प्रयोग म्हणूनही करू नका. गांडुळाला भागाभागांत काडू, दानवे, शिदोड अशी नावं आहेत. अंगावर कड्या दिसतात, म्हणून वलयी संघ. कडी म्हणजे नुसती रेघ नाही, आतही जवळपास प्रत्येक खंडात तोच सरंजाम पुन्हा मांडलेला असतो. बोटानं शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवा, खरखर लागेल. ते दृढरोम, माती धरून ठेवण्याचे त्याचे खिळे.

जळवाही वलयी का? लागली तर काय करायचं?

हो, त्याही वलयीच. तिच्या लाळेतल्या हिरुडिनमुळे रक्त गोठत नाही, म्हणून ती सुटल्यावरही जखम बराच वेळ वाहत राहते. घाबरू नका. कातडी ताणून नखानं तिच्या चूषकाची कड सरकवा, निघते. कोयनेच्या जंगलातले लोक मीठ किंवा तंबाखूची पुरचुंडी जवळ ठेवतात.

मृगाचा किडा कीटक आहे ना?

नाव किडा, पाय मात्र मोजा : आठ. पहिल्या पावसानंतर शेतात फिरणारा तो लाल मखमली जीव कीटक नाही, कोळी-विंचवाच्या गोतावळ्यातला माइट आहे, म्हणजे गोचिडीचा चुलतभाऊ. गंमत अशी की त्याच्या अळीला सहाच पाय असतात, आठ पुढे होतात. लहानपणी अळी दुसऱ्या कीटकांच्या अंगावर चिकटून जगते. मोठेपणी तो बारीक जीव आणि अंडी खातो. जूनमध्ये मृग लागतो तेव्हा हे जमिनीतून वर येतात, आणि काड्यापेटीत गवत घालून त्यांना पाळायचा उद्योग आमच्या पिढीनं केलेला आहे. दोन दिवसांत मरायचे.

संधिपादांत पाय मोजणं ही पहिली पायरी. सहा असतील तर कीटक. आठ असतील तर अष्टपाद. गोमेला जवळपास प्रत्येक खंडावर पायांची एक जोडी आणि तोंडाशी विष. वाण्याला, म्हणजे हात लावताच गुंडाळी करणाऱ्या 'पैशा'ला, बहुतेक खंडांवर दोन जोड्या, आणि तो चावत नाही.

खेकडा वाढतो कसा? कवच तर टणक असतं.

कवच टाकून. संधिपादांचा सांगाडा बाहेर असतो, अंगाबरोबर तो वाढत नाही. मग जुनं कवच तडकवून प्राणी मऊ अंगानं बाहेर येतो, पाणी भरून फुगतो आणि नवं कवच कडक होईपर्यंत लपून बसतो. बाजारात आकारानं मोठी पण हाताला हलकी लागणारी चिंबोरी बहुधा नुकतीच कात टाकलेली असते. मांस कमी, पाणी जास्त. घेऊ नका.

तिसऱ्या, गोगलगाय आणि माकूळ एकाच संघात? दिसायला तर काहीच साम्य नाही.

बाहेरून नाही, आराखड्यात आहे. मृदुकाय प्राण्याचं अंग मऊ, अखंड, त्यावर प्रावाराची चादर, आणि खाली स्नायूंचा 'पाय'. चादर कवच विणते. पाय हवा तसा घडवून घ्यायचा : गोगलगाय त्यावर सरपटते, तिसरी त्यानं वाळूत घुसते, माकुळात त्याचेच बाहू झाले. माकुळानं कवच आत घेतलं. किनाऱ्यावर सापडणारं पांढरं, हलकं 'समुद्रफेन' फेस नव्हे, माकुळाचं आतलं कवच आहे. पक्ष्यांच्या पिंजऱ्यात तेच टांगतात. आणि जुन्या गोमंतकीय घरांच्या खिडक्यांत काचेच्या जागी बसवलेले पारभासी चौकोन एका चपट्या कालवाचे शिंपले आहेत.

मराठवाड्यातल्या सोयाबीन उत्पादकांना मात्र गोगलगायीचं कौतुक सांगू नये. २०२२ च्या खरिपात तिनं कोवळी रोपं फस्त केली होती.

तारामासा मासा नाही, मग कोण?

कंटकचर्मी. फक्त समुद्रात राहतात, नदीत एकही नाही. किल्ली त्यांच्या जलवाहिनी संस्थेत आहे. अंगात नळ्यांचं जाळं, त्यात समुद्राच्या पाण्यासारखाच द्रव, आणि त्याच्या दाबावर शेकडो नलिकापाद चालतात, पकडतात, चिकटतात. गोड्या पाण्यात हा हिशोब बिघडतो. प्रौढ प्राणी पाच भागांत मांडलेला दिसतो, पण त्याची अळी आपल्यासारखी डावी-उजवी असते.

आणि नात्यानं तो ऑक्टोपसपेक्षा आपल्याला जवळचा आहे. भ्रूणात पहिलं छिद्र पडतं, त्याचं तारामाशात आणि माणसात गुदद्वार होतं, तोंड नंतर उघडतं. बॅलॅनोग्लॉसस हा वाळूत राहणारा, सोंडेचा, अर्धसमपृष्ठरज्जू प्राणीही याच शाखेवर बसतो.

हे सगळं प्रत्यक्ष कुठे बघायला मिळेल?

हरिता आणि नेचे कुठल्याही जुन्या दगडी भिंतीवर, जुलै ते सप्टेंबर. समुद्री मंडळींसाठी खडकाळ किनारा आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची ओहोटी गाठा. उधाणाला भरती जितकी वर चढते तितकीच ओहोटीही खोल जाते. मुंबईकडे अशा दिवशी ती साधारण सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास येते. जाण्याआधी कोळीवाड्यात वेळ विचारून घ्या. पकडीचे तळवे असलेली चप्पल हवी, आणि उलटवलेला दगड होता तसाच परत ठेवा, त्याच्या खालच्या बाजूला स्पंज असतात.

परीक्षेत मराठी संज्ञा लिहू की इंग्रजी?

मराठी माध्यमात मराठीच लिहा, शास्त्रीय नावं देवनागरीत. 'सिलेंटराटा' लिहिलं म्हणून कुणी गुण कापणार नाही. 'तारामासा हा मासा आहे' असं लिहिलं तर कापतील.